हिरडीचे कलम कोणाला लाभते?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील दंतवैद्यांपुढे वारंवार येणारी एक तक्रार अगदी दोन शब्दांची असते : ‘दात वाढला.’ समोरचा एखादा दात शेजारच्या दातांपेक्षा लांब दिसू लागतो, माठातले गार पाणी प्यायले की त्यातून कळ जाते, आणि हिरडीलगत नख फिरवले तर तेथे खाच लागते. प्रत्यक्षात दात मुळीच वाढलेला नसतो. हिरडी आपली जागा सोडून मागे गेलेली असते आणि आजवर तिच्याखाली झाकलेले मूळ उघडे पडलेले असते.

दाताच्या दिसणाऱ्या भागावर दंतवल्काचे कवच असते. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. मुळावर मात्र हे कवच नसते. मूळ तुलनेने मऊ, पिवळसर असते आणि त्यातील अतिसूक्ष्म नलिका थेट दाताच्या नसेच्या दिशेने जातात. म्हणूनच उघड्या मुळाला गार, आंबट, गोड काहीही लागले की कळ येते. त्याची झीज लवकर होते, कीडही लवकर लागते. हिरडी एकदा मागे गेली की मोठ्या माणसात ती आपण होऊन सहसा परत येत नाही.

या उघड्या मुळावर पुन्हा हिरडी आणण्यासाठी जी शस्त्रक्रिया केली जाते तिला ‘गम ग्राफ्ट’ म्हणतात. मराठीत हिरडीचे कलम म्हणता येईल, आणि आंब्याच्या कलमाशी तिचे साम्य केवळ नावापुरते नाही. कलमाची काडी खुंटावर बांधली जाते तेव्हा तिला स्वतःचे मूळ नसते. खुंटाचा रस तिच्यात उतरेपर्यंतचे दिवस नाजूक असतात, आणि खुंटच किडका असेल तर काडी कितीही चांगली असली तरी ती वाळते. हिरडीच्या कलमाचेही तसेच आहे. कल्याण-ठाण्याच्या दवाखान्यांतून या शस्त्रक्रियेची माहिती आता गावापर्यंत पोहोचली आहे. शहरात नोकरीला असलेला मुलगा आईच्या दातांसाठी तिची चौकशी करतो. पण ही शस्त्रक्रिया कशी करतात यापेक्षा ती कोणत्या हिरडीला उपयोगी पडते हा प्रश्न आधीचा आहे, आणि या दोन तालुक्यांत तर तो अधिकच महत्त्वाचा आहे.

मागे सरणाऱ्या हिरड्या दोन प्रकारच्या

हिरडी मागे सरण्याचे दोन अगदी वेगळे मार्ग असतात. हे ज्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आले तो नॉर्वे आणि श्रीलंका या दोन देशांत झाला. हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ पासून ऑस्लो येथील विद्यार्थी व अध्यापक, आणि १९७० पासून श्रीलंकेच्या चहामळ्यांतील मजूर, अशा दोन गटांच्या दातांची अनेक वर्षे पुनःपुन्हा तपासणी केली. ऑस्लोतील मंडळींना लहानपणापासून नियमित दंतोपचार मिळालेले, रोज ब्रश करण्याची सवय. मळ्यातील मजुरांनी ब्रश जवळजवळ पाहिलेला नव्हता आणि दंतवैद्यही नाही. तरीही हिरड्या दोन्हीकडे मागे सरल्या होत्या! १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ऑस्लोच्या गटात विशीतच ६० टक्क्यांहून अधिक जणांत कोठे ना कोठे हिरडी सरकलेली आढळली, पण ती मुख्यतः दाताच्या बाहेरच्या, गालाकडील बाजूस. श्रीलंकेच्या गटात तिशीपर्यंत सुमारे ९० टक्के जणांत हा दोष दिसू लागला आणि पुढे तो दाताच्या सर्व बाजूंनी, दोन दातांच्या मधल्या जागेतही पसरत गेला.

पहिला प्रकार मुख्यत्वे घासण्याचा. कडक ब्रश आडवा आणि जोर लावून फिरवला, हिरडी मुळातच पातळ असली किंवा दात रांगेच्या बाहेर आलेला असला, की बाहेरची हिरडी झिजते. पण दोन दातांमधील हाड आणि तेथील हिरडीचे त्रिकोणी टोक शाबूत असते. दुसरा प्रकार रोगाचा. दातावर साचलेला थर कठीण होऊन त्याचे किटण बनते, त्याच्या आश्रयाने जंतू वाढतात, हिरडी सुजते, तिच्याखालचे हाड हळूहळू विरत जाते आणि हाडामागोमाग हिरडी उतरते. कलमाला जगण्यासाठी रक्त लागते आणि ते त्याला उघड्या मुळापासून मिळत नाही. ते मिळते आजूबाजूच्या हिरडीतून, विशेषतः दोन्ही बाजूंच्या त्या त्रिकोणी टोकांतून. ती टोके उभी असतील तर कलम मुळावर टिकते. ती खचलेली असतील तर त्याला आधारही नाही आणि रक्तही नाही.

अमेरिकन दंतशल्यविशारद पी. डी. मिलर यांनी १९८५ साली याच आधारावर हिरडीच्या सरकण्याचे चार वर्ग पाडले. पहिल्या दोन वर्गांत दातांमधले हाड पूर्ण असते आणि मूळ संपूर्ण झाकले जाण्याची अपेक्षा धरता येते. तिसऱ्यात ते अंशतः झाकले जाते. चौथ्यात मूळ झाकण्याची आशाच धरायची नसते. २०११ मध्ये इटलीतील फ्रान्चेस्को कैरो आणि सहकाऱ्यांनी अधिक सुटसुटीत असे तीन प्रकार सुचवले आणि आता तेच अधिक वापरात आहेत. गाभा मात्र तोच राहिला : दाताच्या पुढे किती मूळ उघडे आहे यापेक्षा दातांच्या मध्ये किती हाड उरले आहे हे पाहायचे.

याची ढोबळ परीक्षा घरच्या आरशातही होते. दात लांब दिसतो, पण दोन दातांमधली फट हिरडीने भरलेली आहे, तर तज्ज्ञाचा सल्ला घेण्यात अर्थ आहे. दातांच्या मध्ये काळे त्रिकोण दिसू लागले असतील, दात किंचित हलत असतील किंवा पुढच्या दातांत नव्याने अंतर पडत असेल, तर तो दुसरा प्रकार समजावा. अर्थात अखेरचा निर्णय मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बोथट सळईने केलेल्या मापावर आणि एक्स-रेवर अवलंबून असतो.

तव्यावरची मशेरी

शहापूर आणि मुरबाडच्या गावपाड्यांत या दोन्ही प्रकारांची सरमिसळ आढळते आणि त्यात तंबाखूची भर पडते. ब्रश आला तरी राखुंडी पूर्णपणे गेलेली नाही. राख, कोळसा किंवा विटेची भुकटी बोटाने दातांवर घासली जाते. या भरड पुडीने दात तात्पुरते पांढरे दिसतात आणि हिरडीजवळचे मूळ मात्र कानस लावल्यासारखे झिजते. कडुनिंबाची वा करंजाची काडी चावून तिचा मऊ कुंचला केला तर ती एवढी वाईट नाही. न चावता टोकाने घासली तर हिरडी सोलून काढते.

मशेरीची गोष्ट निराळी आहे. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुस्करायची आणि सकाळी बोटाने दात-हिरड्यांवर चोळायची. ही सवय मुख्यतः स्त्रियांची. दात साफ करण्यापुरती ती सुरू होते. पण पूड बराच वेळ तोंडात राहते, निकोटिन हिरडीतून रक्तात जाते आणि मग सकाळच्या एका वेळेच्या दोन-चार वेळा होतात. मशेरी न लावल्यास डोके जड होते, शौचाला होत नाही, कामात लक्ष लागत नाही, असे स्त्रिया सांगतात, ते व्यसनाचेच लक्षण होय. पुरुषांत त्याच जागी तंबाखू-चुन्याची चिमूट खालच्या ओठात धरली जाते. जेथे ती रोज धरली जाते नेमकी तेथलीच हिरडी खाली उतरलेली दिसते. राज्यात जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. घरच्या तव्यावरच्या मशेरीला अशा आदेशाची झळ लागणे कठीणच. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात असे आढळले होते.

मशेरीने हिरड्या घट्ट होतात, हा समज जुना आहे आणि तो अगदीच निराधार वाटू नये असे त्यामागचे कारणही आहे. निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात. सुजलेल्या हिरडीतून एरवी जे रक्त आले असते ते कमी येते किंवा येतच नाही. दुखणे बधिर होते. रोग आत चालू राहतो आणि त्याची पहिली सूचना देणारे लक्षणच दबून जाते. अशी हिरडी कलमासाठी सर्वांत वाईट खुंट ठरते, कारण नव्या तुकड्याला जगायला ज्या बारीक रक्तवाहिन्या हव्यात त्याच आकसलेल्या असतात.

येथे आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही. मशेरी किंवा तंबाखू जेथे ठेवली जाते त्या जागी न पुसला जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली डाग, कडक गाठ किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर कलमाचा विचार बाजूला ठेवून आधी त्या जागेचा लहानसा तुकडा तपासणीस पाठवावा लागतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १ लाख १ हजार ७६१ खेडूतांच्या तोंडांची तपासणी करून १९७२ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या पूर्वावस्था यांच्याविषयीचेच होते. त्यानंतरच्या अर्धशतकात तंबाखूविषयीच्या निदानात फरक पडलेला नाही.

शस्त्रक्रियेचा तास आणि नंतरचे पंधरा दिवस

शेजारच्या दाताची हिरडी बाजूला सरकवून उघडे मूळ झाकण्याची पद्धत ग्रुप आणि वॉरेन यांनी १९५६ साली मांडली. टाळूवरून तुकडा घेऊन तो दुसरीकडे लावण्याचे तंत्र १९६० च्या दशकात रुळले. सलिव्हन आणि ॲटकिन्स यांनी १९६८ मध्ये त्याची शास्त्रीय तत्त्वे सविस्तर लिहिली. त्यात टाळूवर उघडी जखम राहत असे आणि बसवलेला तुकडा रंगाने वेगळा, ठिगळासारखा दिसे. १९८५ मध्ये बर्टन लँगर आणि लॉरीन लँगर यांनी टाळूच्या वरच्या त्वचेऐवजी तिच्याखालचा संयोजी ऊतीचा थर घेण्याची रीत प्रसिद्ध केली. मूळ झाकण्यासाठी आज प्रामुख्याने हीच रीत किंवा तिच्या सुधारित आवृत्त्या वापरल्या जातात.

दाताच्या भोवती आणि टाळूत भूल दिली जाते. रुग्ण जागा असतो. उघडे मूळ खरवडून स्वच्छ केले जाते, त्याच्या बाजूची हिरडी पातळ पडद्यासारखी सोडवली जाते. मग सुळ्याच्या मागे, दाढांच्या बाजूच्या टाळूत छेद देऊन आतून एक ते दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा काढतात. तो मुळावर ठेवून त्यावर सोडवलेली हिरडी ओढून घेतली जाते आणि केसासारख्या बारीक धाग्याने टाके घातले जातात. एका-दोन दातांचे काम साधारण तासा-दीड तासाचे. रुग्णाला नंतर दातापेक्षा टाळूचा त्रास अधिक जाणवतो, हे आधी सांगितलेले बरे.

पहिले दोन दिवस या तुकड्यात स्वतःचे रक्ताभिसरण नसते. भोवतालच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावरच तो तगून असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बाजूच्या रक्तवाहिन्यांचे कोंब त्यात शिरू लागतात, आणि सुमारे दोन आठवड्यांत तो स्थिरावतो. या काळात ओठ ओढून ‘कलम लागले का’ हे पाहणे हेच कलम निसटण्याचे एक नेहमीचे कारण असते. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर त्या जागी ब्रश नाही, त्याऐवजी डॉक्टरांनी दिलेल्या क्लोरहेक्झिडीनच्या गुळण्या, त्याही जोराने खुळखुळून नव्हे. तांदळाची भाकरी, सुके मासे, पापड, तिखट वर्ज्य. पेज, मऊ भात, गार वरण, नाचणीची आंबील चालते. तंबाखू, मशेरी आणि विडी तर शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासूनच बंद हवी. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आल्याखेरीज तज्ज्ञ हात घालत नाहीत.

हे सारे शहापूर-मुरबाडच्या दिनक्रमात बसवणे सोपे नाही. पेरिओडॉन्टिस्ट, म्हणजे हिरड्यांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तज्ज्ञ, बहुधा शहरांत असतात. खासगी दवाखान्यात एका दाताचा खर्च काही हजारांत जातो. शासकीय पर्याय मुंबईत : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय, आणि मुंबई सेंट्रल येथील महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय. दोन्हीकडे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे आणि शुल्क खासगीच्या मानाने अत्यल्प असते. शहापूरच्या माणसाला आसनगावहून लोकलने सुमारे ८५ किलोमीटर, म्हणजे जवळपास दोन तासांचा प्रवास करावा लागतो. मुरबाडकराला आधी एसटीने कल्याण गाठावे लागते. एका शस्त्रक्रियेसाठी फेरी मात्र एक होत नाही. तपासणी, सफाई, फेरतपासणी, शस्त्रक्रिया, टाके काढणे आणि पुढील पाहण्या धरल्या तर पाच-सहा फेऱ्या सहज होतात, आणि दर फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते.

म्हणून तारीख ठरवताना डॉक्टरांनी शेतीचे दिवस विचारणे आणि रुग्णाने ते आपण होऊन सांगणे आवश्यक ठरते. भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करणाऱ्या बाईला टाके सांभाळता येत नाहीत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे कातकरी कुटुंब पावसाळ्यापर्यंत गावात नसते. त्यांच्या टाक्यांचा दिवस कोण पाळणार? वैशाखात अनेक पाड्यांना पाणी टँकरने मिळते. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच शहापूर तालुक्यात असूनही ही स्थिती आहे. गुळण्यांना दिवसातून चार वेळा स्वच्छ पाणी लागते ही साधी अटही मग साधी राहत नाही. लावणी आटोपल्यानंतर आणि भातकापणीच्या आधी जो मोकळा काळ मिळतो तो त्यातल्या त्यात सोयीचा.

कलमावाचून भागते तेव्हा

हिरडी सरकली म्हणजे कलम हवेच असे मुळीच नाही. सणक हीच मुख्य तक्रार असेल तर पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट काही आठवडे नियमित वापरून किंवा फ्लोराइडचा लेप लावून ती बऱ्याचदा कमी होते. मुळाला खाच पडली असेल तर ती दाताच्या रंगाच्या सिमेंटने भरता येते. ब्रश मऊ घेतला, आडवा न घासता हिरडीकडून दाताकडे फिरवला, तर वर्षानुवर्षे हिरडी तेथेच थांबते. शाळकरी मुलांत खालच्या पुढच्या एखाद्या दाताची हिरडी उतरलेली दिसते, तेथे तर जबड्याच्या वाढीबरोबर आणि स्वच्छतेने ती सुधारण्याची शक्यता असते. घाई करू नये.

कलमाचा खरा उपयोग होतो तो तरुण वयात, एका-दोन दातांवर, मापात दर वेळी हिरडी आणखी खाली गेलेली आढळते तेव्हा. ओठाच्या आतली दोरी हिरडीला खेचत असेल, दात सरळ करण्यासाठी तारा लावायच्या असतील आणि हिरडी पातळ असेल, किंवा घट्ट हिरडी इतकी कमी उरली असेल की ब्रश लागताच दुखते, अशा वेळीही ते उपकारक ठरते. हसताना मूळ दिसते म्हणून कलम करून घेणे यातही गैर काही नाही, फक्त दातांमधले हाड शाबूत हवे.

मात्र मशेरी लावणाऱ्या पन्नाशीच्या बाईच्या खालच्या चारही दातांची मुळे उघडी आहेत, दात हलत आहेत, मागे किटणाची भिंत आहे, तेव्हा पहिला उपचार सफाईचा. त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज बहुधा पडत नाही. ते काम जवळच्या साध्या दंतवैद्याकडेही होते. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय येथे आधी चौकशी करावी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे.

या सफाईविषयीचा एक समज फार घट्ट रुजलेला आहे : ‘दात साफ केले की हलायला लागतात.’ अनुभव खरा असतो, निष्कर्ष चुकीचा. किटणाने दात एकमेकांना जखडून ठेवलेले असतात. ते निघताच आधीपासून सैल असलेले दात सैल असल्याचे जाणवते. सुजलेली हिरडी सफाईनंतर ओसरते, त्यामुळे मूळ आणखी उघडे दिसते आणि फटी मोठ्या वाटतात. काही दिवस गार पाण्याची सणकही वाढते. त्याच सुमारास मशेरी सोडली असेल, तर आजवर दबलेले हिरडीतील रक्त काही काळ पूर्वीपेक्षा जास्त येऊ शकते. रुग्णाला वाटते, उपचाराने बिघडले. ती पुन्हा मशेरीकडे वळते आणि ठरलेल्या तपासणीला येत नाही.

दंतवैद्याच्या कार्डावर त्याच दाताची नोंद वेगळे सांगत असते. सफाईपूर्वी हिरडी दोन मिलिमीटर उतरलेली आणि तिच्याखाली पाच मिलिमीटर खोल कप्पा. दोन महिन्यांनी हिरडी तीन मिलिमीटर उतरलेली, पण कप्पा तीनच मिलिमीटरचा, आणि सळई लावल्यावर रक्त नाही. दिसायला मूळ जास्त उघडे झाले, तरी दाताची स्थिती सुधारली असे हे आकडे सांगतात. त्या दाताला कलमाची गरज आहे की नाही, हे या दुसऱ्या मापानंतर ठरवायचे असते.